रिकाम्या गाडीचं वजन

सोहारच्या बंदराबाहेर, तिसऱ्या फाटकाशी,
साठ टनी वजनकाट्यावर मी बारा वर्षं बसतोय.
भरलेली गाडी येते, आकडा घेतो.
रिकामी होऊन परत येते, आकडा घेतो.
दोन्हींतली वजाबाकी म्हणजे माल.
एवढंच काम. बाकी एसी, चहा,
आणि शेरजमानने ट्रकच्या खिडकीतून टाकलेली गरम रोटी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

आलो तेव्हा अठ्ठावन्न किलो होतो.
पहिल्या सुट्टीला सदुसष्ट.
आबलोलीच्या स्टँडवर उतरतोय तोच
नाना साळवी म्हणाले, "मानवलं रे तुला तिकडचं पाणी!"
पाणी समुद्राचं, मीठ काढून टाकीत भरलेलं.
पण मी हसलो. घरावर स्लॅब पडला होता,
धाकटीचं लग्न ठरलं होतं,
आणि हे सगळं माझ्या पोटावर दिसत होतं म्हणे.
पुढच्या खेपेला नव्वद. कोणी काही बोललं नाही,
म्हणजे चांगलंच चाललं असणार.

व्हिसाच्या तपासणीत डॉक्टर लीना कुरियननं
मशीनवर अनवाणी उभं केलं,
दोन्ही हातांत दोन दांडे दिले.
कागदावर मी सुटा सुटा छापून आलो:
पाणी इतकं, हाडं इतकी, स्नायू इतके,
चरबी एकोणचाळीस किलो.
एकूण एकशे चार.
"नुसतं वजन बघू नका, आत काय आहे ते बघा."
हे मला सांगते?
माझ्या काट्यावर खडी आणि खजूर सारखेच भरतात.
चलन वाचल्याशिवाय मी कुठली गाडी सोडली?

एकोणचाळीस किलो.
रात्री अकराची बिर्याणी, एका परातीत सहा जणांचे हात;
आणि वैजयंतीचा फोन ठेवल्यावर
फोडलेले बिस्किटांचे पुडे,
जे भुकेसाठी नव्हतेच.

जूनमध्ये इथे चालायचं तर पहाटे चारला.
तेव्हाही दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते.
मासळीबाजारापासून किल्ल्यापर्यंत.
पहिल्या दिवशी अर्ध्यातच बसलो,
एक मांजर जवळ येऊन बघून गेलं.
भात वाटीनं मोजला. कुळथाचं पिठलं, घरून आणलेलं पीठ पुरेपर्यंत.
अर्धी रोटी शेरजमानला परत केली,
तो चार दिवस बोलला नाही.
कमी जेवणाऱ्याची संध्याकाळ किती लांब असते
हे कुठल्याच कागदावर छापून येत नाही.

रात्री गाड्या थांबल्या की
मीच काट्यावर जाऊन उभा राहायचो.
हा काटा वीस-वीस किलोंनी बोलतो,
मधलं त्याला ऐकू येत नाही.
एकशे चारला म्हणाला, १००.
अठ्ठ्याण्णवला, १००.
चौऱ्याण्णवला, सप्टेंबर उलटून गेला तरी, १००.
रात्रीचा पहारेकरी खमीस काचेआडून आकडा वाचायचा
आणि ओशाळून मान हलवायचा,
जणू काटा त्याच्या घरचा.

नोव्हेंबरात एका पहाटे, वारा गार झालेला:
८०.
खमीसनं काच वाजवली.
मी उतरलो, परत चढलो. ८०.
वीस किलो एका पावलात.
खरं तर त्या रात्रीचे शंभर-दोनशे ग्रॅमच असतील;
बाकीचे आधीच कधीतरी गेले होते,
कोणी नोंद न घेता.

या खेपेला स्टँडवर नाना गप्प.
मग हळूच, "कंपनी बुडाली काय रे?"
संध्याकाळपर्यंत दोघी-तिघी वैजयंतीला
बाजूला घेऊन विचारून गेल्या, रिपोर्ट काय आले म्हणून.

रात्री तिनं माझे शर्ट मशीनवर घेतले.
दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत.
मी म्हटलं, जादाचं कापून टाक.
तिनं कापलं नाही, दुमडून शिवलं.
"असू दे," दातांत दोरा धरून म्हणाली,
"राहील आत."